रविवारी शटर डाऊन!

जर्मनीला ऑनसाइट निघालेल्या माणसाला आधी जाऊन आलेला सीनियर व्हिसाबद्दल कमी आणि दुधाबद्दल जास्त बोलतो. शनिवारी संध्याकाळच्या आत दूध, ब्रेड, अंडी, कांदे-बटाटे भरून ठेव, नाहीतर सोमवार उजाडेपर्यंत मॅगीवर दिवस काढशील, हा पहिला सल्ला. ऐकणाऱ्याला वाटतं, हा फेकतोय. मर्सिडीज आणि बीएमडब्ल्यू बनवणारा देश, आणि तिथे रविवारी अर्धा लिटर दूध मिळू नये? मग तो तिकडे पोचतो, पहिला रविवार येतो, आणि गडी थेट मित्रांच्या ग्रुपवर विचारतो, 'अरे, इथे कर्फ्यू लागलाय का?'

कर्फ्यू नाही, मंडळी. तिथे रविवार आहे.

म्युनिकला माझा मावसभाऊ आणि वहिनी राहतात. त्यांच्याकडे तीन आठवडे मुक्काम ठोकला, तेव्हा त्यांच्या फ्रिजवर चिकटवलेली यादी बघून मला आधी हसूच आलं. पुण्यात असताना दादाला घरात साखर संपलीये हे चहा कपात ओतल्यावर कळायचं. तोच दादा आता गुरुवारपासून शनिवारची तयारी करतो. कारण म्युनिकमध्ये सुपरमार्केट रात्री आठला बंद होतं. आठ म्हणजे आठ! आठ वाजून दोन मिनिटांनी काचेच्या दारावर टकटक करून 'भाऊ, फक्त एक दही' वगैरे म्हणायची सोय नाही. आणि रविवारी तर तो दरवाजा दिवसभर उघडतच नाही. मॉल बंद, कपड्यांची दुकानं बंद, हार्डवेअरवाला बंद, आपलं इंडियन स्टोअरही बंद.

पळवाटा आहेत, नाही असं नाही. रेल्वे स्टेशन, विमानतळ आणि पेट्रोल पंपावरची दुकानं प्रवाशांसाठी म्हणून उघडी असतात. बेकरीवाल्याला ताज्या ब्रेडसाठी थोडे तास मिळतात, फुलवाल्यालाही. औषधांची दुकानं पाळी लावून एखादं उघडं ठेवतात. त्यामुळे रविवारी म्युनिकच्या मुख्य स्टेशनवर जे प्रवासी दिसतात, त्यातल्या बऱ्याच जणांच्या हातात बॅग नसते, कोबी असतो. आणि गंमत म्हणजे हॉटेलं, कॅफे, सिनेमा सगळं चालू! म्हणजे रविवारी तुम्हाला कांद्याची भाजी वाढलेली मिळेल, कांदा मिळणार नाही.

हे काही दुकानदारांच्या आळसातून आलेलं नाही. रविवार हा कामातून विश्रांतीचा दिवस असेल, असं जर्मनीच्या १९१९ च्या वायमार राज्यघटनेत लिहिलं होतं. दुसऱ्या महायुद्धानंतर १९४९ मध्ये नवी घटना आली, तेव्हा ते कलम उचलून जसंच्या तसं तिच्यात ठेवलं गेलं. म्हणजे आपल्याकडे घटनेत जसे मूलभूत हक्क, तसा त्यांच्याकडे रविवार! त्यावर १९५६ चा दुकानं बंद करण्याचा कायदा. सोमवार ते शुक्रवार संध्याकाळी साडेसहाला शटर खाली, शनिवारी दुपारी दोनला. महिन्यातला पहिला शनिवार तेवढा सहापर्यंत. ऑफिस सुटून तुम्ही दुकानात पोचेपर्यंत दुकानदार घरी पोचलेला.

पुढची पन्नास वर्षं हा देश या घड्याळाशी तासातासाने भांडत राहिला. १९८९ मध्ये गुरुवारी साडेआठपर्यंत परवानगी मिळाली. १९९६ मध्ये सोमवार ते शुक्रवार आठपर्यंत, २००३ मध्ये शनिवारीही आठपर्यंत. २००६ मध्ये हा विषय राज्यांकडे गेला आणि बहुतेक राज्यांनी आठवड्याचे दिवस मोकळे सोडले. म्युनिक ज्या बव्हेरियात येतं, त्या राज्याने मात्र आठचा काटा सोडला नाही. २०२५ मध्ये त्यांनी स्वतःचा कायदा केला, तेव्हाही आठच. आणि रविवार? तो कोणीच सोडला नाही. बर्लिनने ख्रिसमसच्या आधीचे चारही रविवार दुकानं उघडी ठेवायची ठरवली, तर प्रकरण सर्वोच्च घटनात्मक कोर्टात गेलं. २००९ च्या डिसेंबरमध्ये निकाल लागला: असं सलग चार रविवार जमणार नाही. नुसती दुकानदाराची कमाई आणि गिऱ्हाइकाची हौस हे रविवार मोडायला पुरेसं कारण नाही!

कोर्टाने असं म्हणावं, हे आपल्या कानाला किती विचित्र वाटतं ना? गिऱ्हाइकाची हौस पुरेशी नाही. आपल्याकडे तर सगळा कारभारच त्या हौसेवर चाललाय.

मला सगळ्यात मजेदार वाटलं ते रोबो-दुकानाचं प्रकरण. हेस्से राज्यात 'टेगुट' नावाच्या सुपरमार्केट साखळीने 'तेओ' नावाची छोटी दुकानं काढली. आत एकही माणूस नाही. कार्डाने दार उघडायचं, सामान स्कॅन करायचं, पैसे भरायचे, निघायचं. काम करणारं कोणी नसेल तर सुट्टी कोणाला द्यायची? म्हणून रविवारीही उघडी. तर प्रकरण कोर्टात! आणि २०२३ च्या डिसेंबरमध्ये तिथल्या वरिष्ठ न्यायालयाने सांगितलं, दुकान ते दुकानच, रविवारी बंद ठेवा. शेवटी २०२४ मध्ये राज्याला कायदा बदलावा लागला, तेव्हा कुठे ही छोटी, बिनमाणसांची दुकानं रविवारी उघडायला मोकळी झाली. दादा हे सांगताना हसून हसून बेजार झाला. वहिनी हसली नाही. तिचं म्हणणं, आज बिनमाणसाचं उघडाल, उद्या शेजारचा माणसांचं दुकान असलेला म्हणेल, माझं गिऱ्हाईक जातंय, मलाही उघडू द्या. भोक पडलं की पिशवी फाटतेच.

वहिनी तिथे एका कंपनीत अकाउंट्सला आहे. पण तिची सगळ्यात जवळची मैत्रीण सुपरमार्केटमध्ये कॅशियर. दोन मुलं, नवऱ्याची फॅक्टरीत शिफ्ट. दोघं एकत्र घरी असण्याचा हमखास दिवस एकच, रविवार. आठवड्यातून एक सुट्टी तर कुठेही मिळते हो, पण सगळ्यांना एकाच दिवशी मिळते का, हा खरा प्रश्न आहे. तुमची सुट्टी मंगळवारी, मुलाची रविवारी, तर त्या सुट्टीत तुम्ही फक्त कपडे धुता. म्हणूनच या मुद्द्यावर तिथल्या कामगार युनियन आणि चर्च एका बाजूला उभे राहतात. एरवी ही जोडी कुठल्या लग्नात शेजारी बसणार नाही.

अर्थात याला दुसरी बाजू आहे, आणि ती मला तितकीच महत्त्वाची वाटते. साडेसहाला दुकान बंद करणारा तो जुना कायदा कोणाच्या जिवावर चालत होता? घरी असलेल्या बायकोच्या! नवरा कामावर, बायको दिवसा बाजारात. जिला नोकरी होती, जी एकटी राहत होती, तिने शनिवारी दोनच्या आत धावत सुटायचं. त्यामुळे 'जुनं ते सोनं' म्हणून या कायद्याला हार घालायला मी तयार नाही. तास वाढले ते बरंच झालं. ईस्टरला तर शुक्रवार बंद, शनिवार उघडा, रविवार-सोमवार बंद असा प्रकार असतो. त्या मधल्या शनिवारी सुपरमार्केटमध्ये जी गर्दी होते, ती पाहून दसऱ्याच्या आदल्या दिवशीचा मार्केट यार्डातला फूलबाजार शांत वाटावा.

बरं, दुकान उघडं असतानाही तिथे गिऱ्हाईक राजा वगैरे नसतो. ट्रॉली साखळीने बांधलेली. पन्नास सेंटचं किंवा एक युरोचं नाणं खाचेत घातलं की सुटते, परत नेऊन लावली की नाणं परत मिळतं. म्हणजे ट्रॉल्या गोळा करायला पोऱ्या नको. पिशवी घरून आणायची. पातळ प्लास्टिकच्या कॅरीबॅगवर २०२२ पासून बंदीच आहे. काउंटरवर सरकता पट्टा, त्यावर सामान तुम्हीच मांडायचं, तुमचं सामान संपलं की मागच्यासाठी आडवी पट्टी ठेवायची. ही पट्टी ठेवली नाही तर मागची आजी काही बोलत नाही, नुसती बघते. आणि मग ती कॅशियर! स्कॅन करण्याचा वेग असा, की तुमचे टोमॅटो तुमच्या पिशवीत जायच्या आधी पीठ येऊन त्यांच्यावर बसलेलं असतं. पिशवी भरून देणं हे तिचं काम नाही. ते तुमचं.

अमेरिकेच्या वॉलमार्टने १९९७ मध्ये जर्मनीत दुकानं घेतली, तेव्हा त्यांना हे बदलायचं होतं. दारात 'वेलकम' म्हणणारा माणूस, सामान पिशवीत भरून देणारा पोरगा, कर्मचाऱ्यांना हसायच्या सूचना. जर्मन गिऱ्हाइकाला प्रश्न पडला, हा अनोळखी माणूस माझ्याकडे बघून का हसतोय आणि माझ्या अंड्यांना हात का लावतोय? धंदा तोट्यात जाण्याची कारणं बरीच होती: स्वस्ताईत आल्डी आणि लिडलने आधीच हात टेकायला लावलेले, युनियनशी खटके वेगळे. पण हसण्याचा किस्सा अजून मॅनेजमेंटच्या वर्गात सांगतात. २००६ मध्ये वॉलमार्टने आपली ८५ दुकानं 'मेट्रो' या कंपनीला विकली आणि घरचा रस्ता धरला.

एक गोष्ट मात्र मला पहिल्याच दिवशी जाणवली. कॅशियर बसलेली असते. चांगल्या खुर्चीत, पाठ टेकून. तिथे हे इतकं साधं आहे, की दादाला मी ते बोलून दाखवेपर्यंत लक्षातच आलं नव्हतं. आता आपल्या लक्ष्मी रोडवरचं किंवा दादरचं कुठलंही मोठं कापड दुकान डोळ्यांसमोर आणा. काउंटरमागच्या मुली सकाळपासून उभ्या. गिऱ्हाईक नसलं तरी उभ्या. केरळमध्ये साड्यांच्या दुकानांतल्या बायकांनी 'आम्हाला बसू द्या' म्हणून वर्षानुवर्षं लढा दिला, तेव्हा २०१८ मध्ये तिथल्या दुकान कायद्यात बसण्याचा हक्क आला. तमिळनाडूने २०२१ मध्ये तोच मार्ग धरला. स्टूल मिळावं म्हणून कायदा! हसू नका, पुढच्या वेळी साडी बघताना फक्त खाली त्यांच्या पायांकडे बघा.

बाटल्यांचं प्रकरण तर वेगळ्या लेखाचा विषय आहे, पण थोडक्यात सांगते. प्लास्टिकची पाण्याची बाटली किंवा कोल्ड्रिंकचा कॅन घेतला, की किमतीवर वेगळे २५ सेंट अनामत. याला म्हणतात फांट. २००३ पासून हे चालू आहे. रिकाम्या बाटल्या साठवायच्या, सुपरमार्केटमधल्या मशीनच्या तोंडात एकेक घालायच्या, चिठ्ठी बाहेर येते, ती काउंटरवर दिली की तेवढे पैसे बिलातून वजा. बिअरच्या काचेच्या बाटलीला ८ सेंट. शनिवारी सकाळी दादासारखे इंजिनियर दोन मोठ्या पिशव्या खुळखुळवत रांगेत उभे असतात, आणि कोणाला त्यात कमीपणा वाटत नाही. आपल्याकडेही सोड्याच्या काचेच्या बाटलीला डिपॉझिट असायचं, आठवतंय? महाराष्ट्राच्या २०१८ च्या प्लास्टिकबंदीतसुद्धा पाण्याच्या बाटलीमागे एक-दोन रुपये परत देण्याची तरतूद होती. तुम्हाला ते कधी मिळाले असतील, तर कळवा. पण तिथेही सगळं गोडगोड नाही. संध्याकाळी कचऱ्याच्या डब्यात बॅटरी मारून बाटल्या शोधणारी म्हातारी माणसं म्युनिकसारख्या श्रीमंत शहरात दिसतात. त्यांना कचऱ्यात हात घालावा लागू नये म्हणून बरेच लोक बाटली डब्याच्या आत न टाकता बाजूला ठेवतात. वहिनीने मला हे शिकवलं.

आणि पैसे? नोटा आणि नाणी! आपण चहाच्या टपरीवर दहा रुपये यूपीआयने देतो, आणि जर्मन माणूस पाकीट उघडून सेंट मोजत बसतो. तिथल्या मध्यवर्ती बँकेच्या २०२३ च्या पाहणीत निम्म्याहून थोडे जास्त व्यवहार रोखीचे निघाले. या एका बाबतीत आपण जिंकलो, पुढे चला.

आता घरी येऊ. पुण्यात राहणाऱ्याला जर्मनीचं दुकान बंद असण्याचं नवल वाटावं, हाच खरं तर विनोद आहे. एक ते चार आठवा! दुपारी जेवून दुकानदाराने पडायचं, आणि गिऱ्हाइकाने चारनंतर यायचं, हा आपला अलिखित कायदा. २०१७ मध्ये चितळेंनी दुपारीही दुकान चालू ठेवायचं ठरवलं, तर त्याची बातमी झाली. लक्ष्मी रोड सोमवारी बंद, हे तर आपल्याला बारशापासून माहीत. बाहेरून आलेले लोक यावर पोट धरून हसायचे, आणि आपणही त्यांच्यात सामील व्हायचो. पण त्या पाटीमागे एक माणूस जेवत होता, हे खरंच ना?

आपल्याकडचं घड्याळ मग फार वेगाने फिरलं. महाराष्ट्राचा २०१७ चा दुकानं आणि आस्थापनांचा कायदा आला, आणि वर्षाचे ३६५ दिवस, दिवसाचे चोवीस तास दुकान चालू ठेवायला मोकळीक मिळाली. दुकानाची सुट्टी गेली. पण कामगाराची राहिली. आठवड्यातून सलग चोवीस तास त्याला मोकळे द्यायचे, असं तोच कायदा सांगतो. ठीक आहे, पाळी लावा, दुकान चालवा. कागदावर तरी हिशेब बसतो.

मग आलं क्विक कॉमर्स. २०२१ च्या आसपास 'दहा मिनिटांत' हे शब्द आपल्या आयुष्यात शिरले, आणि आपला फ्रिज घराबाहेर, कुठल्यातरी गल्लीतल्या डार्क स्टोअरमध्ये हलला. आता यादी कशाला करायची? कोथिंबीर विसरली, मागवा. मग लक्षात आलं आलंही नाही, पुन्हा मागवा. बर्लिनमध्येही २०२० साली 'गोरिलाज' नावाची अशीच कंपनी निघाली होती. दहा मिनिटांत सामान, सायकलवरून. वर्षभरात तिची किंमत अब्ज डॉलरवर गेली. २०२१ मध्ये तिच्या रायडर्सनी पगार आणि कामाच्या अटींवरून संप केले. २०२२ च्या अखेरीस तुर्कस्तानच्या 'गेतिर'ने ती विकत घेतली, आणि २०२४ मध्ये गेतिरनेही जर्मनीतून गाशा गुंडाळला. तिथे माणसाचा तास महाग आहे. एका कोथिंबिरीच्या जुडीसाठी तो परवडत नाही. आपल्याकडे परवडतो. कसा परवडतो, हे आपल्याला माहीत आहे.

ज्या कायद्यात चोवीस तासांची साप्ताहिक सुट्टी आहे, तो कायदा कामगारासाठी आहे. दारात पिशवी घेऊन उभा असलेला मुलगा कंपनीच्या लेखी कामगार नाही, 'पार्टनर' आहे. पार्टनरला पगार नाही, म्हणून पगारी सुट्टीही नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत 'गिग कामगार' हा शब्द एकदाचा आला. त्यांच्यासाठीच्या निधीत कंपन्यांनी उलाढालीच्या एक ते दोन टक्के भरायचे, अशी व्यवस्था झाली. विमा वगैरे त्यातून होईल. चांगलंच आहे. सुट्टीचं मात्र त्यात काही नाही.

जर्मनीत सामानाचं जे काम गिऱ्हाईक करतं, यादी, नाणं, पिशवी, पट्टी, बाटल्या, रांग, ते सगळं आपल्याकडे कोणीतरी दुसरं करतं. दुकानाने आपलं दार बंद करावं, असं मी म्हणत नाही. दिवसभर ऑफिसात घालवून रात्री साडेनऊला घरी येणाऱ्या, एकटीने राहणाऱ्या माणसाला रविवार सोडून सामान आणायला वेळ कधी मिळतो, हे मी रोज अनुभवते. आणि कोपऱ्यावरचा वाणी वहीत लिहून उधार देतो, घरपोच पिशवी पाठवतो, ही सोय तर आपल्या आजीच्या काळापासून आहे. पण त्या पोऱ्याला आजी नावाने ओळखायची. उन्हातून आला तर पाणी द्यायची, आणि कोथिंबिरीसाठी त्याला वेगळी फेरी नक्कीच मारायला लावायची नाही.

आमच्या सोसायटीत डिलिव्हरीवाल्यांना मेन लिफ्ट वापरू देत नाहीत. सर्व्हिस लिफ्ट महिन्याभरापासून बंद. मागच्या रविवारी जिन्यात एकजण भेटला, पाचव्या मजल्यावरून खाली येत होता. मी सहज विचारलं, आज रविवार, सुट्टी नाही का? तो म्हणाला, 'ताई, रविवारीच तर ऑर्डर जास्त असतात.' एवढं बोलून तो दोन-दोन पायऱ्या उतरत गेला, फोन वाजत होता त्याचा. या महिन्याच्या सोसायटी मीटिंगला लिफ्टचा विषय मी लेखी दिलाय. सेक्रेटरी म्हणाले, बघू.